झाडाची वाटणी



मागील अंकातील कुंडीच्या मातीवरील लेखानंतर दोन वाचकांनी जवळजवळ एकच प्रश्न विचारला. एक भगिनी इचलकरंजीच्या, दुसरे सद्गृहस्थ बेळगावचे. दोघांनीही डाळिंबाच्या काड्या कुंडीत लावल्या होत्या. पंधरवड्यात त्यांना कोवळी पालवी फुटली, घरात आनंद झाला आणि पुढच्या महिन्याभरात साऱ्या काड्या वाळून गेल्या. "आमच्या हाताला गुणच नाही का?" असे त्या भगिनींनी खिन्नपणे विचारले. दोष हाताचा नाही. हाच अनुभव मी स्वतः घेतला आहे, आणि तोही अशा वेळी, की पुन्हा संधी मिळेल याची शाश्वती नव्हती. म्हणून आजचा लेख थंडीतील छाट कलमांविषयी आहे, आणि थोडा आमच्या घराविषयीही.

मिरज तालुक्यातील आमच्या गावी वडिलांचे घर होते. आम्ही चार भाऊ आणि एक बहीण. आई गेल्यानंतर दोन वर्षांनी वाटणीचा विषय निघाला. जमीन मोजून वाटता आली. घर वाटण्याजोगे नव्हते, म्हणून ते विकून रक्कम वाटून घ्यावी असे ठरले. ठरले म्हणतो, पण सहजासहजी ठरले नाही. थोरले अण्णा विक्रीच्या विरुद्ध होते. मी बँकेतला माणूस. दुरुस्तीचा खर्च, घरपट्टी, पडून राहिलेल्या वास्तूची होणारी झीज असे आकडे मांडून विक्रीच कशी हिताची आहे हे त्यांना पटवीत राहिलो. शेवटी अण्णांनी सही केली. परंतु त्यानंतर आमच्यातील बोलणे कामापुरतेच उरले. ताबा गुढीपाडव्याला द्यायचा होता आणि घेणाऱ्या गृहस्थांना संपूर्ण जागा मोकळी करून हवी होती.

परसात विहिरीजवळ डाळिंबाचे एक जुने झाड होते. आईने लग्नानंतर निपाणीकडील माहेराहून फांदी आणून ते लावले होते. फळ मध्यम, साल पिवळसर गुलाबी, दाणा फिका आणि चव आंबटगोड. बाजारात त्याला कोणी विचारले नसते. पण आम्हा पाचही भावंडांच्या आजारपणात त्याचे दाणे आईने सोलून दिले होते आणि त्याची वाळवलेली साल घरात कायम असे. वाटणीच्या कागदात विहिरीचा उल्लेख होता, गोठ्याच्या पत्र्यांचा होता, झाडाचा नव्हता. आक्का तेवढी म्हणाली, "घर गेले ते गेले. त्या झाडाची एक फांदी तरी मला लावून दे." मग धाकट्या दोघांनीही तेच म्हटले. अण्णा काही बोलले नाहीत.

येथे कोणी विचारील की, बी का पेरले नाही? डाळिंबाचे बी सहज रुजते हे खरे. परंतु बीपासून आलेले रोप हे त्या झाडाचे अपत्य असते, ते झाड नव्हे. फळाची चव, दाण्याचा रंग, सालीची जाडी या सर्वांत फरक पडू शकतो. हा फरक कधी लाभाचाही ठरतो. पुण्याच्या गणेशखिंड येथील फळबागेत डॉ. जी. एस. चीमा यांनी १९३६ साली आळंदी नावाच्या वाणाच्या बियांपासून वाढलेल्या रोपांतून एक उत्तम झाड निवडले. तेच पुढे १९७० मध्ये 'गणेश' या नावाने प्रसिद्ध झाले आणि महाराष्ट्रातील डाळिंबाच्या बागा कित्येक वर्षे त्याच वाणाने भरल्या. पण ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ते उत्तम झाड एकदा हाती आल्यावर त्याचा प्रसार बियांनी नव्हे, तर गुटी आणि छाट कलमांनी झाला. नवे हवे असेल तेव्हा बी. आहे तेच टिकवायचे असेल तेव्हा कलम. कागदी लिंबासारखे थोडे अपवाद आहेत. त्याच्या एका बीत अनेक गर्भ असतात आणि त्यांतील बहुतेक मातृवृक्षाच्याच पेशींतून आलेले असल्यामुळे रोपे बहुधा मातृवृक्षासारखीच निपजतात. डाळिंबाचे तसे नाही. आम्हाला आईचेच झाड हवे होते.

माझी पहिली चूक घाईची होती. दिवाळीला गावी गेलो तेव्हा झाड हिरवेगार होते. मी लुसलुशीत, सरळ वाढलेल्या अठरा फांद्या कापल्या, सांगलीला आणून शेणखताने भरलेल्या कुंड्यांत लावल्या आणि भरपूर पाणी घातले. बाराव्या दिवशी पालवी फुटली. मी आक्काला दूरध्वनी करून वार्ता दिली, कुंड्या उन्हात सरकवल्या आणि उत्साहाच्या भरात चिमूटभर युरियाही दिला. पाचव्या आठवड्यात एकही काडी जिवंत नव्हती. उपटून पाहिल्या तेव्हा खालचे टोक काळे पडलेले होते आणि मुळीचा मागमूसही नव्हता.

त्यातली एक काडी घेऊन मी तासगाव रस्त्यावरील एका रोपवाटिकेत गेलो. तेथील वयस्कर माळ्याने ती हातात फिरवून पाहिली आणि हसून म्हटले, "साहेब, पानं फुटली म्हणजे जगलं नव्हं. काडीनं आपल्या पोटातलं खाल्लं. मुळी कुठाय?"

माझी सारी नोकरी ठेवी आणि कर्जे सांभाळण्यात गेली, तरी एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. काडीच्या लाकडात पिष्टमय अन्न साठवलेले असते. ऊब आणि ओलावा मिळताच डोळे फुगतात आणि त्या साठ्यावरच पाने बाहेर पडतात. ती पाने पाणी बाहेर टाकू लागतात. पण ते पाणी जमिनीतून ओढून घेणारी मुळे अद्याप नसतात. म्हणजे ठेव मोडून चाललेला हा खर्च आहे. आपण त्यालाच उत्पन्न समजतो. साठा संपला की काडी वाळते. आमच्या दोन्ही वाचकांच्या बाबतीत बहुधा हेच घडले असावे.

थंडीतील छाट कलमांचे सारे मर्म येथे आहे. पाने फुटण्याआधी मुळे फुटली पाहिजेत. पौषाच्या सुमारास, म्हणजे डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, आपल्याकडे डाळिंबाची वाढ मंदावते, बरीच पाने गळतात आणि अन्न लाकडात साठून राहते. हवा थंड असल्यामुळे डोळे लवकर जागे होत नाहीत आणि कलमातून फारसे पाणी उडत नाही. त्याच वेळी दुपारच्या उन्हाने कुंडीची माती मात्र कोमट राहते आणि खालच्या टोकाशी मुळांची तयारी सुरू होते. वर थंडी, खाली ऊब, अशी ही सोय निसर्गाने वर्षातून काही आठवडेच केलेली आहे. फेब्रुवारीत ऊन वाढले की डोळे उघडू लागतात आणि ही संधी जाते.

पाडव्याला ताबा द्यायचा असल्यामुळे आमच्या हाती ही एकच थंडी होती.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा गावी जाण्याचे ठरवले. तेव्हा धाकट्या आप्पाने एक अट घातली. त्याची आटपाडीकडे भगव्या डाळिंबाची दोन एकर बाग आहे. तो म्हणाला, "दादा, झाड आईचे आहे हे खरे, पण त्याला तेल्या असेल तर मला नको. तुम्हीही कोणाला देऊ नका." तेल्या हा डाळिंबावरील जिवाणूजन्य रोग आहे. पानांवर आणि फळांवर तेलकट, काळपट डाग पडतात, फळे तडकतात, फांद्यांवरही काळे चट्टे येतात. आणि रोगट झाडाच्या कलमांबरोबर तो एका बागेतून दुसऱ्या बागेत जातो. सोलापूरचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र रोगमुक्त रोपांचा जो आग्रह धरते, तो याचसाठी. छाट कलम म्हणजे तेच झाड पुढे चालू राहणे. गुणांसह आणि रोगांसह.

आप्पाची अट मला क्षणभर लागली, पण ती रास्त होती. बँकेत आम्ही कोणाचे नाव मोठे म्हणून कागद न पाहता कर्ज देत नसू. आईचे झाड म्हणून मी ते न तपासता वाटायला निघालो होतो. आप्पा स्वतः गावी आला. आम्ही दोघांनी भिंग घेऊन उरलेली पाने, फांद्या आणि झाडाखाली पडलेली वाळकी फळे पाहिली. एकाही फांदीवर तसा चट्टा आढळला असता, तर तेवढी फांदी टाकून भागले नसते. सारा बेत सोडावा लागला असता. सुदैवाने झाड निरोगी दिसले. तरीही आप्पाने सांगितले, "हा रोग पावसाळी दमट हवेत उठतो. एक पावसाळा रोपे तुमच्याकडेच राहू देत. डाग नाही दिसला तर मग मी नेईन." आम्ही तसेच केले.

आता कृती सांगतो. वाचकांनी यंदाच्या थंडीत ती करून पाहावी.

फांदी मागील हंगामात वाढलेली, तपकिरी पडलेली आणि पेन्सिलीएवढ्या जाडीची असावी. हिरवी, लवचिक फांदी नको आणि अंगठ्याएवढे जुने लाकूडही नको. बुंध्यातून उसळून आलेले फुटवे टाळून, फळे धरणाऱ्या फांद्यांवरील काड्या घ्याव्यात. कात्री धारदार असावी आणि सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून घ्यावी. चिरडलेले टोक हटकून कुजते.

प्रत्येक काडी वीत भर, म्हणजे २० ते २५ सेंटिमीटर लांब ठेवावी. तीवर चार-पाच डोळे असावेत. खालचा छेद डोळ्याच्या लगेच खाली आडवा द्यावा आणि वरचा छेद डोळ्याच्या बोटभर वर तिरपा द्यावा. तिरप्या छेदावर पाणी साचत नाही. शिवाय वरची बाजू कोणती, हे नंतरही ओळखता येते. हे महत्त्वाचे आहे. मुळे काडीच्या मूळ खालच्या टोकालाच येण्याचा निसर्गनियम आहे. काडी उलटी लावली तर ती बहुधा फुकट जाते. उरलेली पाने आणि काटे काढून टाकावेत.

खालच्या टोकाजवळ दोन सेंटिमीटर लांबीची साल चाकूने हलकेच खरवडावी. मग ते टोक मुळ्या फोडणाऱ्या संजीवकाच्या भुकटीत बुडवून झटकावे. कृषी सेवा केंद्रात आय.बी.ए. या नावाने ती मिळते. कठीण लाकडासाठी असलेली मागावी. द्रावण वापरणाऱ्यांनी दर लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे दशलक्ष भागांत २५०० भाग, हे प्रमाण ठेवून टोक काही सेकंदच बुडवावे. अधिक वेळ बुडवल्याने लाभ नाही, हानी आहे. काही ठिकाणी मध लावण्याची चाल सांगितली जाते. आपल्या घरांत मध वर्ज्य आहे आणि या कामी त्याची गरजही नाही.

मातीत जाड वाळू दोन भाग, पोयटा एक भाग आणि पूर्ण कुजलेले शेणखत अर्धा भाग असावे. कच्चे खत किंवा युरिया मुळीच नको. मुळे नाहीत तोवर ते घेणारे कोणी नाही. पिशवीला तळाशी भोके पाडावीत. प्रथम काठीने भोक करून मग काडी दोन तृतीयांश आत जाईल अशी लावावी आणि माती बोटांनी घट्ट दाबावी. वर एक-दोन डोळे राहिले की पुरे.

पिशव्या सकाळचे ऊन आणि दुपारी सावली मिळेल अशा ठिकाणी, वाऱ्याच्या आडोशाला ठेवाव्यात. पाणी रोज घालू नये. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. कोरडे लागले तरच पाणी द्यावे. थंडीत तीन-चार दिवसांनी दिले तरी चालते. काडी ओढून मुळे आली का हे पाहण्याचा मोह सर्वांत घातक. खालच्या छेदावर प्रथम पांढुरकी गाठ धरते आणि मग मुळे निघतात. त्या कोवळ्या मुळ्या एका ओढीत तुटतात. सहा ते आठ आठवडे हात न लावता थांबावे. वरची पाने लहानच राहून निस्तेज दिसत असतील तर आनंद मानू नये. दुसरी-तिसरी पानांची जोडी टवटवीत, मोठी आणि शेंडा वाढता दिसू लागला, की मुळे लागली असे समजावे.

मी या खेपेस चाळीस काड्या लावल्या आणि सवयीप्रमाणे वहीत हिशेब ठेवला. नऊ कुजल्या, त्या बहुतेक माझ्याकडून पाणी अधिक झालेल्या कोपऱ्यातील होत्या. आठ काड्यांना पालवी आली आणि त्या वाळल्या. तेवीस लागल्या. मेच्या उन्हात आणखी चार गेल्या. एकोणीस रोपे पावसाळ्यात उतरली. दर रविवारी भिंग घेऊन पाने पाहण्याचा नेम मी मोडला नाही. डाग दिसला नाही.

तोवर पाडवा होऊन गेला होता. चैत्रात घर उतरवले गेले. त्या दिवशी मी गेलो नाही. अण्णा गेले होते, असे नंतर कळले.

दसऱ्याला आम्ही सारे आक्काकडे जमलो. मी रोपे नेली होती. घराची रक्कम पाच ठिकाणी वाटली तेव्हा प्रत्येकाच्या हाती पाचवा हिस्सा आला होता. झाड पाच जणांत वाटले आणि प्रत्येकाला अख्खे झाड मिळाले. अण्णांनी दोन रोपे घेतली, पिशवीचा तळ बोटाने चाचपून पाहिला आणि "मुळे चांगली आहेत," एवढेच म्हणाले. आप्पाने आपले रोप बागेत न लावता घराच्या अंगणात लावले. आक्काने मोठ्या कुंडीत लावले. उरलेली मी शेजारी आणि नातलगांना दिली.

छाट कलमाचे डाळिंब दुसऱ्या वर्षीच फुलू लागते. त्या वेळी फुले खुडून टाकावीत. खोड आणि फांद्या भरल्यावरच फळ धरू द्यावे, हा बागायतदारांचा नियम आहे. गेल्या मृगात अण्णांचा दूरध्वनी आला. कागदपत्रांचे काम नसताना त्यांनी आपणहून केलेला तो बऱ्याच काळातला पहिला. म्हणाले, "झाडाला अकरा फुले आली आहेत. तू सांगितलेस म्हणून विचारतो, सगळी काढू का?"

मी म्हटले, "नियमाप्रमाणे काढायला हवीत, अण्णा."

थोडा वेळ थांबून ते म्हणाले, "आईने एक ठेवले असते."

"मग एक ठेवा," मी म्हटले. तांत्रिकदृष्ट्या हा सल्ला चुकीचा आहे आणि वाचकांनी तो अनुसरू नये.

आता इतर झाडांविषयी थोडक्यात. थंडीतील कठीण लाकडाच्या छाटांना तुती, द्राक्ष, बोगनवेल आणि देशी गुलाब उत्तम प्रतिसाद देतात. अंजीरही सहज लागते. ज्यांच्या घरी ते वर्ज्य आहे त्यांनी ही जागा तुतीला द्यावी. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीत निघालेल्या पक्व काड्याही लावता येतात. बागायतदार मित्राकडे चौकशी करावी, एरवी त्या बांधावरच पडून असतात. मोगरा, जाई, जास्वंद यांच्या छाटांसाठी मात्र पावसाळ्यापर्यंत थांबावे. आंबा, चिकू आणि सीताफळ यांच्या काड्या लावून वेळ घालवू नये. त्यांना खुंटावर कलम बांधणेच योग्य.

आणि एक विनंती. आपल्यापैकी अनेकांची गावाकडील घरे विक्रीला किंवा पाडायला निघालेली असतील. कागदपत्रे तयार होत असताना परसातील झाडांकडेही एकदा पाहावे. ताबा उन्हाळ्यात द्यायचा असेल, तर त्याआधीची थंडी वाया जाऊ देऊ नये. झाड निरोगी आहे ना, हे प्रथम तपासावे आणि मग कात्री घ्यावी. लागणाऱ्या रोपांच्या दुप्पट काड्या लावाव्यात, कारण निम्म्या जातात असे गृहीत धरणेच बरे.

इचलकरंजीच्या भगिनींना आणि बेळगावच्या सद्गृहस्थांना माझे एवढेच सांगणे, की हाताला गुण आहे की नाही याचा निर्णय पालवी पाहून करू नये. पौष महिना पुन्हा येतो आहे. काड्या लावाव्यात आणि आठ आठवडे वाट पाहावी.